हर्षाने लेखातून नाव काढून घेतलं

धानाची लावणी, म्हणजे रोवणा, ऐन भरात असताना हर्षा काटेखाये आसगावला आली. पिशवी ओट्यावर आपटून ती तशीच चिखलाने भरलेल्या भाताच्या बांधीत उतरली, आईच्या हातातली धानाच्या रोपांची पेंडी ओढून घेतली आणि रोवू लागली.

“काय झालं व बाई?” आईने, चंद्रभागाबाईने, विचारलं.

“सरानं माह्यं काम फेकून देलं.”

हर्षा मोठ्या शहरातल्या एका संस्थेत हिऱ्यांवर पीएच.डी. करत होती. दागिन्यातले नव्हेत, प्रयोगासाठी बनवलेले चिमुकले हिरे. हिऱ्यातल्या काही कार्बन अणूंच्या केंद्रकाला स्पिन, म्हणजे चिमुकल्या चुंबकासारखा गुण, असतो. त्याला एक दिशा दिली की तो ती काही काळ धरून ठेवतो, मग विसरतो. क्वांटम संगणकाची स्मृती अशा स्पिनांमध्ये साठवता येईल का, हे शोधणारे जगभर आहेत. म्हणूनच स्पिन किती वेळात विसरतो आणि का विसरतो, हे हर्षा मोजत होती.

एका हिऱ्यात स्पिन छान टिकले. बाकीच्यांत भराभर विसरले. “ते हिरे खराब आहेत,” तिचे मार्गदर्शक म्हणाले, “लेखात फक्त चांगला घे.” हर्षाने सगळे पुन्हा तपासले. ज्या हिऱ्यात नायट्रोजन जास्त, त्यात विसरणं लवकर. नायट्रोजनपाशी अडकलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या केंद्रकांना सारखे ढोसत होते. म्हणजे कारणच हाती लागलं होतं, आणि सर नेमकं तेच वगळायला सांगत होते! तिने हे मांडलं, तर भर बैठकीत ते हसले. “खेड्यातून आलेल्यांना सगळीकडे भांडणच दिसतं.”

जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला असलेला भाऊ भुपेंद्र सुटीला घरी आला होता. जेवताना तो म्हणाला, “लेखावर तुह्यं नाव हाय ना? मंग कायले जीव जाळून राहिली? डिग्री घे अन् मोकळी हो.”

“नाव हाय म्हणूनच जळून राहिली! उद्या त्या आकड्याच्या भरवशावर कोणी मशीन बनवली अन् ते चालली नाही, तं खोटं कोण बोललं? मी!”

“पण सर मोठा माणूस हाय.”

“मोठा हाय तं मोजून दाखवावं ना त्यानं!”

“भुपेंद्र, तू चूप राय,” चंद्रभागाबाई कडाडली. “पोरीले इकत घेतलं का त्यानं?”

दुसऱ्या दिवशी हर्षाने फोन लावला. “सर, लेखातून माझं नाव काढा.”

“मग माझ्याकडचं तुझं काम संपलं. तुला दुसरा मार्गदर्शक मिळणार नाही.”

“नाही तर नाही.”

लेख तिच्या नावाशिवाय छापून आला, त्याचं कौतुकही झालं. प्रयोगशाळेतले सोबती तिच्या टेबलाजवळ डबा उघडेनासे झाले. बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्या विभागातल्या सत्यवती मॅडमनी तिला घेतलं, पण अट घातली: सगळं पहिल्यापासून मोजायचं. हर्षाला त्याचाही संताप आला. तरी तिने मोजलं. हिऱ्यांनी तेच उत्तर दिलं, आणि या वेळी सगळे हिरे लेखात गेले.

पुढे एका परिषदेत हर्षाच्या या लेखाचा विषय निघाला, तेव्हा जुने सर व्यासपीठावरून म्हणाले, “या कामाची सुरुवात आमच्याच प्रयोगशाळेत झाली.”

हर्षा उभी राहिली. “सुरुवात नाही सर. तिथून हे काम हाकललं गेलं होतं. काहून, ते सांगा.”

रागात तोंडून घरची बोली निघाली होती. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ती बसली नाही. सरांनी समोरचे कागद आवरायला घेतले. अध्यक्षांनी घाईघाईने चहाची सुटी जाहीर केली.