ऑगस्टमध्ये अडकवलेला कम्प्युटर

बोईसर स्टेशनकडून नवापूर रस्त्याला लागलं की माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. भिंतीवर मी ठसठशीत पाटी लावली होती, ‘संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून मिळणार नाही’. कॉपीराइटचा कायदा मला माहीत होता, आणि तो दुसऱ्यांना ऐकवायला आवडायचाही. त्याच पाटीखाली बसून मी रोज चोरीच्या सॉफ्टवेअरवर मराठी टाइप करायचो.

ते सॉफ्टवेअर एका माणसाने घरी बसून एकट्याने तयार केलेलं. तीस दिवस फुकट वापरायचं, मग विकत घ्यायचं. सुरू करताना एक चौकट यायची, ‘उपयोगी पडलं तर जरूर विकत घ्या. यामागे माझी मेहनत आहे.’ मी ती पटकन बंद करायचो. तीस दिवस संपूच नयेत म्हणून आमच्या धंद्यात एक सोपी युक्ती होती. इंटरनेटची वायर काढून टाकायची आणि कम्प्युटरची तारीख मागे न्यायची. माझ्याकडे अकरा महिने ऑगस्टच चालू होता. महिना संपत आला की पुन्हा एक तारीख. मला याचा चक्क अभिमान वाटायचा. चहाला आलेल्या मित्रांना मी ते करून दाखवायचो.

अर्जाच्या तळाशी तारीख आपोआप पडायची. छापण्याआधी ती हाताने बदलायची, एवढंच ध्यानात ठेवावं लागे.

जुलैत पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून एक कुटुंब आलं, आई, बाप आणि मुलगी. मुलगी नुकतीच बारावी पास झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला. पण वसतिगृह मिळालं तरच शिकता येणार होतं, पाड्यावरून रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती. बाप पुण्याकडे बांधकामावर होता. वसतिगृहाच्या अर्जाला जोडायच्या घोषणापत्रावर अंगठा द्यायला म्हणून एका दिवसासाठी आलेला आणि दुपारच्या गाडीने परत निघालेला. दुकानात गर्दी, त्याची घाई. मी घोषणापत्र टाइप केलं, छापलं, अंगठा घेतला. तारीख बदलायची राहिली.

दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपत होती. दुपारी मायलेकी पालघरच्या कार्यालयातून थेट माझ्याकडे आल्या. कागदावर मागच्या वर्षीचा ऑगस्ट होता आणि मजकुरात यंदाची बारावी. “परीक्षेच्या आधीच पास झालीस का गं?” असं म्हणून खिडकीवरचा माणूस हसला होता, मग रांगही हसली होती. खाडाखोड चालणार नव्हती. नवा कागद मी दोन मिनिटांत छापला असता, पण बापाचा अंगठा पुण्याला गेला होता.

“चुकी आमचीच आसंल, दादा,” आई म्हणाली. “आमाला वाचता येत नाय.”

मुलीला येत होतं. ती काउंटरवरून वाकली, पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “दादा, तुमच्या कम्प्युटरचीच तारीक मागं हाय.”

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. खिडकी बंद व्हायला अजून दोन तास होते. मी त्यांच्याबरोबर पालघरला जाऊन ‘चूक माझी आहे’ असं लिहून देऊ शकलो असतो. कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण मग तारीख मागे का, तेही सांगावं लागलं असतं. मी आवाज चढवला. “आतली बॅटरी गेलीय, म्हणून तारीख चुकते. आणि अंगठा उठवण्याआधी कागद वाचायचा असतो. बारावी झालीस ना?”

“लान हाय ती, राग नको धरू,” म्हणत आईने उलट माझीच समजूत काढली. दोघी निघून गेल्या आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद हातात घेतला.

वसतिगृह गेलं, त्यापाठोपाठ नर्सिंगही. ती तारापूरला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागल्याचं पुढे कानावर आलं. त्या दोघी कागद घेऊन परत आल्या, त्याच आठवड्यात मी ते सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. बनवणाऱ्याने स्वतः फोन केला. “आधी वापरून पाहिलंत का?” त्याने विचारलं. “हो, थोडे दिवस,” मी म्हणालो. तो एवढा खूश झाला, की अडचण आली तर केव्हाही फोन करा म्हणाला. फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली.

पुढच्या जुलैत ती एकटीच आली. वसतिगृहाचा अर्ज तिने हाताने लिहून आणला होता, तारखेसकट. फक्त झेरॉक्स हवी होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं म्हणून मला धीर झाला, याचीही आज लाज वाटते.

“त्या वेळी बॅटरी गेली नव्हती,” मी म्हणालो. “तारीख मीच मागे ठेवली होती.”

“माईत हाय.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“बोलले व्हते ना, दादा. सगल्यांसमोर.” तिने कागद पुढे सरकवला. “एकच कापी काढा.”