कडेला उभे राहिलेले नाना

जुनं भिंग विकायला आलेल्या माणसाला धुळ्याचे नाना फोटोवाले आधी किंमत कधीच विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणत, "भाऊ, हाई भिंग उन्हायामा कोठे व्हतं?"

माणूस गोंधळून जाई. पण प्रश्न बरोबर असे. कॅमेऱ्याच्या भिंगात काचा एकमेकींना गोंदानं चिकटवलेल्या असतात. आमच्याकडच्या वैशाखात ते पत्र्याच्या ट्रंकेत राहिलं की गोंद सुटतो, आणि वरून भिंग मात्र लखलखीत दिसतं. नाना अंगानं काडी, स्वभावानं खट्याळ आणि भिंगाच्या बाबतीत सासूपेक्षा चिकित्सक.

मी जळगावात नुकता स्टुडिओ थाटला होता, तेव्हाची गोष्ट. एका मारवाडी कापडवाल्या शेठजींचं पहिलं मोठं काम मिळालं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. सगळं गोत तिच्याभोवती बसवून एक फोटो हवा होता. वाड्यातला चौक इतका अरुंद, की मागं सरकावं तर पाठ भिंतीला. वाइड भिंगाशिवाय सगळे मावणार नव्हते, आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी पांगणार होते. काम फसलं असतं तर मला गाशाच गुंडाळावा लागला असता. एका विक्रेत्याकडे दोन जुनी वाइड भिंगं होती म्हणून मी नानांना बोलावून घेतलं.

एक चकचकीत, दुसऱ्यावर ठसठशीत ओरखडा. मी अर्थातच चकचकीतवर भाळलो. नानांनी ते उन्हात तिरपं धरलं. कडेला पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंग चमकले.

"गोंद सुटी गया. कड गई हाईनी."

दुसरं त्यांनी कानाशी हलवलं, हुंगलं. आत काही खुळखुळलं नाही, बुरशीचा वासही नव्हता.

"खरचटेल शे, पन आतमा बठ्ठं जाग्यावर शे. हाई ले."

माझा चेहरा पाहून ते हसले. "मधमा बठ्ठा भिंगं चांगला ऱ्हातस. तू कडले देख." मधे सगळीच भिंगं चांगली, खरी परीक्षा कडेची; म्हणून ते भिंग मागून घेऊन आम्ही शेठजींचा चौक गाठला. टोपी सरळ करून नाना स्वतःच अगदी कोपऱ्यात उभे राहिले. मी चाचणीचा फोटो घेतला. तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो घेत; ती काच धुऊन पाहिली, तर ओरखड्याचा मागमूस नव्हता, नानांची मिशी केस न् केस मोजता येत होती. फक्त अशा भिंगात कडेचं माणूस रुंद होतं, त्यामुळे आमचे काडीसारखे नाना चांगले किराणा दुकानदार झाले होते. ते पोट धरून हसले.

दुसऱ्या सकाळी बारीक सुना कडेला बसवल्या आणि जाडजूड जावयांना मधे. जावयांना तो आपला मानच वाटला. फोटो आला तेव्हा म्हाताऱ्या आईनं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं. माझा स्टुडिओ टिकला तो नानांमुळे.

पुढं काही वर्षांनी नाना गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले, पण घरात त्यांचा स्वतःचा एकही नव्हता. मला ती चाचणीची काच आठवली. छापून मी धुळ्याला अक्कांकडे, त्यांच्या बायकोकडे, घेऊन गेलो. त्यांनी फोटो दाराशी उजेडात धरला.

"इतला भरेल तं त्यास्ले मी कधी दखं नही."

कडेला उभे होते म्हणून तसे दिसतात, असं मी ओशाळून सांगितलं.

"बरं झायं," पदरानं डोळे टिपत अक्का हसल्या, "कडले उभा व्हतात."