सापळा उघडताना

मी सापळे बनवते असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, उंदरांचे का? माझ्या सापळ्यात प्रतिद्रव्याचे अणू धरायचे असतात. ते आपल्या साध्या द्रव्याला शिवले की दोन्ही नष्ट होतात. म्हणून त्यांना नळीच्या मधोमध, कशालाही न टेकवता, चुंबकाच्या जोरावर तोलून धरावं लागतं.

धरलेले अणू दिसत मात्र नाहीत. ते होते हे सिद्ध करायला चुंबकाच्या तारेतला विद्युतप्रवाह झटक्यात तोडायचा. मोकळे झालेले अणू नळीच्या भिंतीवर आपटून नष्ट होतात आणि यंत्रात खुणा उमटतात. चुंबकत्व रेंगाळलं तर ते एकेक करून निसटतात आणि त्यांच्या खुणा अवकाशातून सतत येणाऱ्या कणांच्या खुणांत हरवतात.

परदेशातल्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या सापळ्याच्या खुणा काही उमटेनात. महिन्याभरात जमलं नाही तर दुसऱ्या गटाचा सापळा बसणार होता आणि माझी चार वर्षं पाण्यात जाणार होती. रजेवर बदनापूरला घरी आले ती तोंड पाडूनच.

माझे वडील जालना एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यात क्रेनवर होते. भल्यामोठ्या विद्युतचुंबकानं भंगार उचलायचं आणि भट्टीपाशी सोडायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दुपारी जेवतानाही माझ्यापुढे लॅपटॉप पाहून त्यांनी विचारलं, "काय अडून राह्यलं, माय?"

"करंट तर बराबर तुटतो, अण्णा. मीटर लगेच शून्यावर येतं."

"मीटर शून्यावर आलं म्हंजी माल सुटला असं न्हाई. मी मीटरकडं बघतच नव्हतो. खाली बघायचो, शेवटचा तुकडा पडंपर्यंत. तू खाली बघितलं का?"

नव्हतं बघितलं. तारेतला प्रवाह मोजला होता, नळीच्या आतलं चुंबकत्व कुणीच मोजलं नव्हतं. एवढे शिकलेले आम्ही, मीटरवर विसंबून मोकळे झालो होतो. आधी स्वतःचा राग आला, मग हसूच फुटलं.

तशाच उष्ट्या हातानं सहकाऱ्याला फोन लावला. त्यानं नळीच्या आत सेन्सर सोडला आणि दोन दिवसांत आकडे पाठवले. तारेतला प्रवाह थांबल्यावरही आत चुंबकत्व रेंगाळत होतं. चोर होती ती बाहेरची धातूची नळी, जिच्यावर तारेची वेटोळी गुंडाळली होती. ती गोल आणि अखंड असल्यामुळे, तारेतला प्रवाह तुटला की तिच्यात नवाच प्रवाह फिरत राहायचा. मी त्या बाहेरच्या नळीला उभी चीर दिलेला नवा आराखडा बदनापूरच्या घरातच काढला. चीर पडली की प्रवाहाला गोल फिरायला वाट उरत नाही.

नव्या नळीच्या चाचणीला मी परत प्रयोगशाळेत हजर होते. प्रवाह तोडला आणि पडद्यावर खुणा उमटल्या, एकदम, एकगठ्ठा, ठसठशीत. आम्ही अणू धरले होते. मी टाळ्या पिटत होते आणि रडतही होते, आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती.

माझाच सापळा बसला. आता तिथल्या आराखड्यांवर त्या चिरेला 'जालना कट' म्हणतात. तशा एका आराखड्याचा फोटो मी अण्णांना पाठवला. त्यांनी तो थेट कारखान्याच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर नेला आणि जुन्या सोबत्यांना दाखवून म्हणाले, "पोरीनं धरलं, अन् बराबर सोडलं बी."