जास्तीचा महिना

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, आणि अनारशाचं पीठ मळताना आबांची फार आठवण आली.

आबा म्हणजे माझे वडील. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. दोघा भावांनी त्यांच्या पाळ्या लावल्या होत्या, एक महिना थोरल्याकडे मंठ्याला, एक धाकट्याकडे जालन्याला. अमावस्या झाली की थोरला त्यांना वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात आणून बसवायचा, तिथून धाकटा न्यायचा. मागच्या खेपेला अधिक श्रावण आला आणि घोळ झाला. थोरला म्हणाला, माझा आषाढ संपला. धाकटा म्हणाला, माझी पाळी निज श्रावणात, हा महिना माझा नाही. आबा आपले मांडीवर पिशवी घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसून.

हॉटेलवाल्याने पोलिसांना कळवलं. खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. मी भोकरदनहून पोहोचले तेव्हा जमादार आबांना समजावत होते, "बाबा, म्हाताऱ्या मायबापाला असं टाकून देणं गुन्हा हाय. जेल होते. तक्रार द्या, दोघायलाबी बराबर आत घेतो."

"न्हाई साहेब," आबा म्हणाले, "पोरांची चूक न्हाई. महिनाच जास्तीचा आला."

मला असा संताप आला होता की मीच सही ठोकली असती. पण आबांनी माझा हात सोडला नाही.

लेकीच्या घरी राहू नये, असं मानणारा माणूस. "फक्त धोंडा संपेपर्यंत," असं कबूल केलं तेव्हा कुठे जीपमध्ये बसले. दोन दिवसांत मात्र खुलले. "धोंड्यात जावई सासऱ्याकडं जेवतो, इथं सासराच जावयाकडं जेवून राह्यला! बिलकुल उलटा कारभार," म्हणत अनारसे मागून घ्यायचे. घरात इतकं हसू कितीतरी दिवसांनी आलं होतं.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी दोघेही भाऊ दारात उभे. जमादाराने दम भरला म्हणून आले होते, हे आबांना न बघताही कळलं.

"चला आबा, निज श्रावण लागला," थोरला म्हणाला.

आबा उठले नाहीत. माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, संपला का गं धोंडा?"

कॅलेंडर माझ्या समोरच्या भिंतीवर होतं.

"न्हाई आबा," मी म्हणाले, "अजून चालूच हाय."

दीड वर्षाने आबा गेले. तोवर आमच्या घरी तो महिना संपला नाही.