वहीच्या शेवटच्या पानावरच्या वेळा

“दिवसभर चिडीचूप. दिवस मावळला की तुमचा भाडेकरू लावतो तिकडचं स्टेशन,” शेजारचे सुभेदार काका पप्पांना सांगत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडत होते. “आणि हे मी नाही म्हणत. तुमच्याच पोरीनं लिहून ठेवलंय.”

लिहून मीच ठेवलं होतं.

कारगिलची लढाई नुकतीच थांबली होती. देवळाली कॅम्पातल्या आमच्या गल्लीतले दोन जवान अजून परतायचे होते, आणि पप्पा लष्कराच्या ऑफिसात कारकून. आमच्या वरच्या खोलीत एक सिंधी अंकल भाड्यानं एकटेच राहायचे. बाजारातलं कापडाचं दुकान त्यांनी पुतण्याकडे सोपवलेलं. गुडघे दुखायचे, म्हणून जिना फारसा उतरत नसत. संध्याकाळी त्यांच्या रेडिओवर एक बाई बोलायची, मग गाणी लागायची. भाषा उर्दू की सिंधी, आम्हाला कळत नव्हतं. मुंबईचं स्टेशन नाही, एवढं कळायचं.

मला कुणाशी बोलायला जमत नसे, बघायला मात्र जमायचं. मी बारावीत होते. फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख आणि आवाज सुरू व्हायची वेळ लिहायला लागले. सात पंचवीस. सात चोवीस. लाइटबिल द्यायला वर गेले, तेव्हा अंकलनी घाईघाईनं आवाज कमी केला. तेही लिहिलं, आणि रेडिओचा काटा कुठे होता तेही. भर दुपारी वरून भजी तळल्यासारखी चुरचुर ऐकू यायची. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. निरोप पाठवायचं यंत्र असेल, या विचारानं भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही. सांगण्याजोगं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे होतं. मी वही पप्पांना दाखवली, त्यांनी ती काकांना.

“महिनाअखेर खोली सोडायला सांगतो,” पप्पा काकांना म्हणाले. “माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

त्याच आठवड्यात कॉलेजात आयनोस्फिअरचा धडा झाला. खूप उंचावर हवेचे विद्युतभारित थर असतात. त्यांतला सगळ्यात खालचा उन्हानं तयार होतो आणि मिडियम वेव्हसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी दिवसभर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परतून शेकडो मैलांवर उतरतात.

घरी येऊन मी वही भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी धरली. त्यावर रोजचा सूर्यास्त छापलेला होता. माझी प्रत्येक वेळ त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांची. सूर्यास्त जसा अलीकडे येत गेला, तशी ती बाईही.

तरी मी वही मिटून ठेवली. पुस्तकानं लहरींबद्दल सांगितलं होतं, माणसाबद्दल नाही. अंधार पडायची वाट बघणारा माणूसही याच वेळा पाळेल. अंकलचा संशय होताच, आता मला माझाही येऊ लागला.

ऑगस्टात सूर्यग्रहण आलं. मम्मीनं सकाळीच पाण्यात तुळशीपत्रं टाकून ठेवली होती. संध्याकाळी काका टीव्हीवर ग्रहण बघायला आमच्याकडे बसले. बाहेर आभाळ गच्च भरलेलं. सूर्य दिसलाच नाही, सहाच्या सुमारास उजेड तेवढा मळकट झाला. आणि वरून ती बाई बोलू लागली.

“बघा! आता तर दिवसाढवळ्या!” काका उठले. “सगळे घरात कोंडलेत, याचं फावलं. चला, आत्ताच सांगून टाकू.”

“अहो, ग्रहणात बाहेर कुठे निघालात?” मम्मी म्हणाली.

“वहिनी, फौजेत ग्रहणाची सुट्टी नसते.”

पप्पा चपला शोधू लागले.

मी घड्याळाकडे बघितलं. सूर्यास्ताला अजून तासभर होता. माझ्या यादीत न बसणारी ही पहिलीच वेळ. पण ढगांच्या वर, आम्हाला कुणाला दिसत नव्हतं तिथे, सूर्य झाकला गेला होता, आणि लहरी गिळणारा तो थर विरू लागला होता. अंकलनी आत्ता काहीच लावलं नव्हतं. त्यांचा रेडिओ दिवसभर त्याच आकड्यावर चालू असायचा. दुपारची चुरचुर तीच.

मी फ्रिजवरचा ट्रान्झिस्टर उतरवला आणि काटा वहीत लिहिलेल्या जागी नेला. आधी चुरचुर, मग तीच बाई. वर आणि खाली एकाच वेळी. एक पाय चपलेत घालून पप्पा थांबले.

“हे स्टेशन तुला कसं माहीत?” काकांनी विचारलं. इतके दिवस जिन्याकडे असायची ती नजर आता माझ्यावर होती.

आयनोस्फिअरला मराठीत काय म्हणतात, मला ठाऊक नव्हतं. वाक्यं इंग्रजीत जुळत होती आणि तोंडाशी येऊन अडत होती. मी वहीचं शेवटचं पान उघडून कॅलेंडरखाली धरलं.

“पप्पा, या अंकलच्या वेळा नाहीत. सूर्य मावळायच्या आहेत. मी त्या अंकलच्या नावावर लिहिल्या.”