दादाची रविवारची फाशी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ हाउन्सलोला घरामागच्या गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते. जूनमधला रविवार, आणि ऊन दिसलं की धुणं बाहेर काढायचं ही इथं राहून जडलेली सवय. "हे गेले गं," एवढं म्हणून ती थांबली... मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, "जिन्यात बसून बूट घालत होते. एक घातला, दुसरा हातातच राहिला. अँब्युलन्सवाले येऊन बघून गेले." थोडी रडली. आणि रडता रडताच, दूध बंद करायला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "तू तेवढं क्लबला कळव. आज तिथं फाशीला कोणी नाही."

परक्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल, म्हणून सांगते. माझा थोरला भाऊ सुधाकर, आमचा दादा, लेस्टरबाहेरच्या एका शेतात दर रविवारी फासावर जायचा. तिथं काऊबॉयची हौस असलेल्या इंग्रज मंडळींच्या क्लबानं लाकडी फळ्यांचं एक खोटं गाव उभं केलं आहे. एक दारूचा गुत्ता, एक तुरुंग, एक बँक, आणि मधोमध फाशीचा चौथरा. हवा बरी असली की लोक मुलाबाळांना घेऊन बघायला येतात. कोटाच्या आत छातीला जाड पट्टा बांधलेला असतो, दोर त्याला अडकवतात, गळ्याला काही होत नाही. दादा निवृत्त होईपर्यंत बसच्या डेपोत इंजिनीअर होता, त्यामुळे तो पट्टा त्यानंच सुधारून दिला होता. पण त्या क्लबात तो आधी फाशी जाणारा नव्हता. आधी तो जज होता.

ही हौस साताऱ्यातली. नगरवाचनालयातून तो काऊबॉयची पॉकेटबुकं आणायचा आणि भूमितीच्या पुस्तकात घालून वाचायचा. आम्ही घोडा पाहिला तो फक्त वरातीत, आणि तोही बँडच्या आवाजानं बिथरलेला. पण दादाला ॲरिझोनातल्या पाणवठ्यांची नावं पाठ. पुढं लेस्टरला नोकरी लागली, लग्न झालं, आणि पन्नाशीच्या आसपास त्याला हा क्लब सापडला. काळा कोट, टोकदार कॉलर आणि हातात लाकडी हातोडी अशा थाटात एक मराठी माणूस इंग्रजांना शिक्षा सुनावतोय, हे बघून मला पहिल्यांदा हसू आवरेना. तो मात्र गंभीर. म्हणायचा, "तुला गंमत वाटते. अगं, तिकडं अमेरिकेत सरकारी न्यायाधीश महिनोन्महिने यायचा नाही. मग गावातलीच माणसं जमायची, रीतसर सुनावणी घ्यायची आणि तिथल्या तिथं निकाल लावायची. एकट्यानं पिस्तूल काढलं तर तो सूड. सगळ्यांनी मिळून हात वर केले तर तो न्याय." रीतसर हा त्याचा लाडका शब्द. भाजीसुद्धा तो रीतसर चिरायचा.

क्लबातला खेळही त्यानंच लिहिला होता. एका माणसावर घोडा चोरल्याचा आळ येतो. तो ओरडून सांगतो की मी निर्दोष आहे. जज प्रेक्षकांना विचारतो, दोषी वाटत असेल तर हात वर करा. उन्हात आईस्क्रीम खात बसलेले लोक हसत हसत हात वर करतात. त्याला लटकवतात, आणि लगेच पलीकडच्या फाटकातून तो घोडा आपला आपण चालत परत येतो. वर केलेले हात मग कुठं ठेवावेत ते लोकांना कळत नसे. दादाला तो क्षण फार आवडायचा. हे सगळं ज्याला इतकं ठाऊक होतं, त्याच्याच घरात पुढं जे घडलं ते लिहू की नको, यात माझे हे चार आठवडे गेले. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "फक्त चांगलं लिहायचं असेल तर लिहूच नको."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आयटीतली मुलं पुण्या-नागपूरहून वर्षा-दोन वर्षांच्या व्हिसावर येत, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या ओळखीनं कुणाच्या तरी घरी खोली घेऊन राहत. दादाकडं नागपूरचा प्रशांत होता. पंचविशीचा, उंच, लाजाळू, वहिनीच्या हातचं पिठलं खाताना डोळे मिटणारा. वहिनीकडं गौरी बसतात. त्या वर्षी गौरींची आरास त्यानंच केली, आणि उत्तरपूजा झाल्यावर खोकी माळ्यावर चढवून ठेवली तीही त्यानंच. आता इथली एक तऱ्हा सांगायला हवी. गौरींना साडी नेसवायला दोन-दोन तास लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. म्हणून वहिनीनं युक्ती काढली होती. मुखवटे उतरवायचे, पण धडांवरच्या साड्या आणि खोटे मोत्याचे दागिने पिनांसकट तसेच ठेवून, चादरीत गुंडाळून, धडंच्या धडं खोक्यात भरायची. पुढच्या वर्षी नुसती उभी केली की झालं. लेस्टरमधल्या दोन-चार घरांनी ही युक्ती तिच्याकडून उचलली.

गौरी गेल्या आणि आठवड्यानं वहिनीचं मोठं मंगळसूत्र सापडेना. तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या आईनं, स्वतःच्या गळ्यातून काढून घातलेलं. ड्रेसिंग टेबलवर ठेवल्याचं तिला पक्कं आठवत होतं. घरभर शोधलं. आणि त्याच शनिवारी मंडळातल्या काळे आडनावाच्या गृहस्थांनी प्रशांतला बेलग्रेव्ह रोडवर एका सोनाराच्या दुकानात पाहिलं... तेवढं पुरलं.

मला हे दादानं फोनवर सांगितलं, सगळं उरकल्यावर. त्या रविवारी क्लबला न जाता त्यानं दुपारी मंडळातली ओळखीची माणसं बोलावली. वहिनीनं चहा केला, फराळाच्या उरलेल्या करंज्या ठेवल्या. प्रशांतला बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. दादानं एकेकाला बोलू दिलं. काळे बोलले, वहिनी बोलली, प्रशांतलाही संधी दिली. तो म्हणाला, "काका, मी नाही घेतलं. बहिणीच्या लग्नासाठी डिझाईन बघायला गेलो होतो." आणखी विचारलं तर तेच म्हणाला. मग दादानं हात वर करायला सांगितले. त्या संध्याकाळी प्रशांत बॅग घेऊन गेला, आणि लेस्टरमधल्या एकाही मराठी घरानं त्याला खोली दिली नाही.

"पोलिसांकडं का नाही गेलास?" मी विचारलं होतं.

"व्हिसावर आहे गं पोरगा. उगीच त्याचं करिअर कशाला बरबाद करायचं? रीतसर सुनावणी घेतली, सगळ्यांचं एकमत झालं, विषय संपला."

त्याच्या आवाजात समाधान होतं. केवढा मोठ्या मनाचा आपला भाऊ, असं मला वाटलं. आज ते समाधान आठवलं की माझ्याच कानशिलांत रक्त चढतं. भावाची लाज बहिणीला इतकी वाटू शकते हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या गौरीला मी मुद्दाम लेस्टरला गेले होते. दादानं खोकी खाली आणली. वहिनीनं धाकटीचं धड उभं केलं, मग थोरलीचं. चादर सोडवली, पदर सारखा करायला हात घातला आणि तशीच उभी राहिली. पदराच्या आत, खोट्या मोत्यांच्या माळांत गुंतून, आमच्या आईचं मंगळसूत्र होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी गौरीला सजवताना तिनंच ते घातलं होतं, कौतुकानं, आणि पार विसरली होती. नैवेद्याचा कुकर शिट्ट्या देत राहिला, शेवटी मीच जाऊन गॅस बंद केला. दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "घोडा आला."

वहिनीनं ते मंगळसूत्र काढलं नाही. थोरलीच्याच गळ्यात राहू दिलं, आणि गौरी गेल्यावर तिच्यासोबत माळ्यावर जाऊ दिलं. घरात घालायचं लहान होतं, तेही उतरवलं. नवरा समोर जिवंत असताना ती बाई मोकळ्या गळ्यानं त्याला चहा देत राहिली. दादानं तिला एकदाही विचारलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

प्रशांत तेव्हा मिल्टन कीन्सला होता. त्याचा पत्ता मिळवून दादा गाडी घेऊन गेला. मी सोबत होते. त्या गावात सगळे चौक सारखेच, आम्ही एकाच राउंडअबाउटला पुन्हा पुन्हा येत राहिलो, आणि मला वाटत होतं की दादाला पोचायचंच नाहीये. प्रशांतनं दार उघडलं. वाळला होता. दादा उंबऱ्यातच हात जोडून उभा राहिला आणि जे झालं ते सांगितलं. प्रशांतनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, "काका, हे मला काय सांगता? मला तर आधीपासून माहीत होतं. ज्यांच्यासमोर मला त्या खुर्चीत बसवलंत ना, त्यांच्यासमोर सांगा."

आत या, असं तो म्हणाला नाही. का म्हणावं त्यानं?

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "फोन करून सांग ना एकेकाला. पुन्हा सगळ्यांना बोलवायचं म्हणजे ऑकवर्ड होईल."

"आरोप फोनवर केला होता का मी?" एवढंच तो म्हणाला.

त्यानं सगळ्यांना बोलावलं. निम्मे आले नाहीत. आलेल्यांत काळे होते. मीही होते. प्रशांत आला, पण बसला नाही, दाराशी उभा राहिला. दादा खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि झाली ती चूक त्यानं कसलीही सबब न सांगता सगळ्यांसमोर मांडली. मग म्हणाला, "मी दोषी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

माणसं कार्पेटकडं बघायला लागली. कोणी खोकलं. काळे म्हणाले, "सुधाकरराव, काय हे, झालं गेलं सोडून द्या." कोणी चहाचा कप उचलला, कोणी मोबाईल काढला. मी हात वर करायला हवा होता का, ते मला अजून कळलेलं नाही. त्या खोलीत माझं मत कोणी मागितलं नव्हतं. दादा मात्र एकेका चेहऱ्याकडं पाहत थांबला होता, अगदी आशेनं, जणू एक हात वर झाला तर तो सुटणार होता. एकही झाला नाही. शेवटी दारातून प्रशांत म्हणाला, "माझ्या वेळी एवढा वेळ लागला नव्हता, काका." आणि गेला.

त्यानंतरच्या रविवारी दादानं क्लबात हातोडी परत केली आणि फाशी जाणाऱ्याचं काम मागून घेतलं. वर्षानुवर्षं केलं. अंत्यविधीला क्लबची मंडळी आली होती, हॅट्स हातात धरून. त्यांचा म्हातारा शेरीफ ब्रायन मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या भावाशी आमचा एकच वाद होता. फासावर जाण्याआधी मी निर्दोष आहे असं ओरडायचं, हे त्यानंच लिहिलेलं वाक्य, पण तो ते कधी म्हणायचाच नाही. नुसता मान खाली घालून उभा राहायचा. आम्ही सांगून थकलो, त्यामुळं खेळाचा मुद्दाच जातो. ब्रायनला इंग्रजीत मंगळसूत्र कुठून सुरू करून सांगणार...

दादा गेल्यावर शोकसभेचं सांगायला प्रशांतला मी फोन केला होता. तो म्हणाला, "आत्या, काका एकदा नाही, दर दिवाळीला यायचे. दारात फराळाचा डबा ठेवायचे, बेल वाजवायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. मी डबा आत घ्यायचो. गाडीपर्यंत जाऊन बोलावं असं वाटायचं, पण नाही जमलं. मी येणार नाही. त्या खोलीत मला पाय ठेववणार नाही." मी म्हटलं, नको येऊस बाळा. डब्यांचं मला तेव्हाच कळलं.

गेल्या शनिवारी मंडळानं दादाच्या घरी शोकसभा ठेवली. त्याच बाहेरच्या खोलीत. खिडकीजवळची खुर्ची तशीच होती. दादा दर शनिवारी ती पुसायचा, तिच्यावर कधी कोणाला बसू द्यायचा नाही, आणि का ते कोणी विचारायचं नाही. त्या दिवशीही माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, पण तिच्यावर कोणी बसलं नाही. भाषणं झाली. सुधाकरराव किती न्यायी, किती शिस्तीचे. शेवटी काळे उभे राहिले. म्हणाले, "पार्कमध्ये त्यांच्या नावाचं एक बाक बसवावं असं सुचवतो. कौन्सिलला मी अर्ज करीन. मंजूर असेल तर सगळ्यांनी हात वर करा."

क्षणात सगळे हात वर गेले. दाटीवाटीनं, बांगड्यांसकट.

वहिनी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती दारात थांबली. "हात खाली घ्या," ती म्हणाली. कोणाला नीट ऐकू गेलं नसावं, काही जण हसून तिच्याकडं बघत होते. तिनं ट्रे खाली ठेवला. "या खोलीत पुन्हा कोणी हात वर करायचा नाही. खाली घ्या."

हात एकेक करून खाली आले. काळ्यांचा सगळ्यात शेवटी. मग वहिनी त्या माणसांमधून वाट काढत खिडकीपर्यंत गेली, आणि मोकळ्या गळ्याशी पदर धरून त्या खुर्चीवर बसली. आमच्या सगळ्यांकडं तोंड करून, बराच वेळ. चहा कोणी घेतला नाही.