जोतीराम कंडक्टरच्या एकशे त्रेचाळीस गाड्या

इंदापूर-बारामती गाडीवर कंडक्टर असलेल्या जोतीरामांना नोकरीत बावीस वर्षं झाली होती, पण एस.टी.चा कंटाळा त्यांना एक दिवसही आला नव्हता. गाव निरवांगी. लहानपणी घरच्या मेंढरांमागं चालताना रस्त्यात गाडी आडवी यायची. मेंढरं पार होईपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचा आणि हे मेंढरं सोडून गाडीकडं बघत उभे. पुढं कळप विकला, भाऊ शेतीत रमले. जोतीराम दहावी झाले आणि खाकी कपडे चढवून मोकळे झाले.

१९९९ साली बारामतीत स्टँडसमोर राजलक्ष्मी नावाच्या मुलीनं इंटरनेटचं दुकान काढलं. जोतीरामांची गाडी बारा दहाला बारामतीत पोचायची आणि एक चाळीसला परत फिरायची. मधल्या वेळात ड्रायव्हर हिंदुराव डबा खाऊन मागच्या लांब सीटवर आडवे व्हायचे. जोतीराम एक दिवस बिचकत दुकानात शिरले.

"काका, काय बघायचंय?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"ह्यात परमुलखातल्या एस.टी. दिसत्यात का?"

दिसत होत्या. चित्र वरून खाली हळूहळू उतरायचं. आधी टप, मग खिडक्या, मग चाकं. एक गाडी अख्खी दिसायला कधी पाच मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ जोतीराम श्वास रोखून बसायचे. लंडनची दुमजली, फिलिपिन्सची नवरीसारखी नटवलेली, बर्फात चालणारी, कुठली तरी मधोमध वाकणारी. आवडलेल्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये खूण करून ठेवता येतो, त्याला बुकमार्क म्हणतात, हे राजलक्ष्मीनं शिकवलं. मग काय! आठ महिन्यांत एकशे त्रेचाळीस बुकमार्क झाले. इंग्रजी नावं जोतीरामांना धड वाचता यायची नाहीत. कुठली गाडी वरून कितवी, एवढं तोंडपाठ.

घरी सिंधुबाईंना जेवताना रोज एक गाडी ऐकावी लागायची. हिंदुरावांना तर प्रवासभर.

"आज एक गाडी बघितली," एका शनिवारी जोतीराम म्हणाले, "माणसं भरून घेती आन् सरळ नदीत शिरती. तिकडनं पवत जाती."

"जोतीराम, तू आपली तिकिटं फाड."

"आईशप्पत, हिंदुराव!"

"तीस वर्सं गाडी हाकतोय मी. पाण्यात गेलेली गाडी क्रेननं वर काढावी लागती. सोमवारी येतो तुझ्यासंगं. दाव मला. न्हाय दावली तर म्हैनाभर माझ्यासमोर गाडीचं नाव काढायचं न्हाय."

सोमवारी दोघं दुकानात गेले, तर कोपऱ्यातल्या जागी नवाकोरा कॉम्प्युटर. जोतीराम खुर्चीत बसले. ब्राउझरही वेगळाच, यादी कोरी.

"ताई, माझ्या गाड्या?"

राजलक्ष्मीनं जीभ चावली. "काका, तुमच्या गाड्या जुन्या मशीनवर राहिल्या! ते मी विकलं. सुप्याचे माऊली येतायत एक वाजता न्यायला."

जुना कॉम्प्युटर दाराजवळ सुतळीनं बांधून ठेवला होता. घड्याळात बारा पंचवीस. हिंदुराव भिंतीला टेकून मिशीत हसले. "चला जोतीराम. जेवू."

"थांबा हो!" जोतीरामांनी खिशातनं चाकू काढला आणि कचाकच सुतळी कापली.

राजलक्ष्मीलाही चेव चढला. तिनं वायरी जोडल्या, जुना ब्राउझर उघडला. सगळे बुकमार्क एकाच फायलीत असतात, ती फाईल फ्लॉपीवर घ्यायची आणि नव्या ब्राउझरला दाखवायची, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं, केलं कधीच नव्हतं. पहिली फ्लॉपी खराब निघाली. दुसरी खरखर वाजली आणि फाईल तीवर उतरली. इतक्यात माऊली जीप घेऊन हजर.

"माझा कॉम्प्युटर का उघडलाय?"

"ह्यात एस.टी. अडकल्यात," हिंदुराव गंभीरपणे म्हणाले. माऊली कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघायला लागला.

राजलक्ष्मीनं फ्लॉपी नव्या मशीनमध्ये घातली. मेनूतलं एक सापडलं, दुसरं सापडलं, नको तिथं एकदा क्लिक झालं, पुन्हा पहिल्यापासून. मग पडद्यावर एक पट्टी सरकली आणि झरझर नावं उतरली. "आल्या!" ती ओरडली. "काका, सगळ्या आल्या!"

आल्या खऱ्या, पण एकट्या नाही. जुन्या यादीत जोतीरामांच्या गाड्या वेगळ्या कप्प्यात होत्या; आता त्या मशीनवर बसलेल्या प्रत्येकाच्या खुणा त्यांत मिसळल्या होत्या. डाळिंबाची रोगराई, क्रिकेटचे स्कोअर, कुणाची तरी लग्नाची स्थळं. त्यात नव्या ब्राउझरनं सगळी यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणं लावून टाकलेली. जोतीरामांनी वरून मोजत शनिवारची, एकशे त्रेचाळिसावी उघडली. पांढऱ्या कोंबड्यांचं पान आलं.

"ही पवती का?" हिंदुरावांनी विचारलं.

माऊलीला हसू आवरेना. घड्याळात एक वीस झाले होते.

"काका, आठवा," राजलक्ष्मी म्हणाली, "त्या पानावर गाडीशिवाय काय होतं?"

जोतीरामांनी डोळे मिटले. "बदक! वर कोपऱ्यात पिवळं बदक हुतं!"

बदक ही त्या गाडीवाल्यांची खूण असेल, असं धरून तिनं बदकाचं इंग्रजी नाव यादीत शोधलं. एकच सापडलं. क्लिक केलं. चौघं पडद्याला नाक लावून उभे. आधी टप उतरलं. मग खिडक्या, खिडक्यांतून हात हलवणारी माणसं. मग गाडीचं पोट. आणि त्याच्या खाली...

"चाकं कुठं हायत?" हिंदुरावांचा आवाज चिरकला.

"पाण्यात हायत!" जोतीराम खुर्चीतनं ताडकन उठले. "हिंदुराव, चाकं पाण्यात हायत!"

हिंदुराव खाली बसले. मग हसायला लागले ते पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. जोतीरामांनी राजलक्ष्मीला टाळी दिली, माऊलीला मिठी मारली. माऊलीही काही कारण नसताना नाचला. एक पस्तीसला कुणाला तरी भान आलं आणि दोघं प्रौढ माणसं, एकाच्या गळ्यात तिकिटांची पिशवी, शाळेतल्या पोरांसारखी रस्ता ओलांडून पळत सुटली. गाडी एक चाळीसला सुटली.

भवानीनगरच्या पुढं कालव्याचं पाणी दिसल्यावर हिंदुरावांनी गाडी हळू केली आणि मागं ओरडले, "जोतीराम, घालू का?"

"घाला की!"

दोघं खदाखदा हसले. पुढच्या सीटवर टोपली धरून बसलेल्या प्रयागबाई घाबरून उठल्या. "आरं, काय घालताय? मला लासुर्ण्याला उतरायचंय!"

जोतीराम त्यांच्याशेजारी बसले आणि तिकीट फाडायच्या आधी त्यांना सगळं सांगितलं. आठवड्याभरात हिंदुरावांनी दुपारी आडवं होणं सोडलं. त्यांना ट्रक आवडायचे. राजलक्ष्मीनं त्यांच्यासाठी यादीत वेगळा कप्पा करून दिला, आणि जोतीराम त्यांना माऊस कसा धरायचा ते शिकवू लागले.